पुढं पायरी आहे, सावकाश

रहाटपाळण्याचा आस कडकन वाजला तेव्हा मी वर होते आणि माझ्या खाली उकिरडा होता.

माझ्या शेजारी त्याच खोक्यात माझी धाकटी जाऊ सुमन बसली होती. तिला जवळजवळ दिसत नव्हतं. मला सगळं दिसत होतं आणि तीच पंचाईत होती. आसाचं लाकूड चिरत चाललेलं मला दिसत होतं. सगळा सांगाडा पेंढ्याच्या माचाकडे कलंडलेला दिसत होता. खाली समोरच्या खोक्यात भाताची दोन पोती होती आणि त्या पोत्यांवर सुमनचा नवरा, म्हणजे माझे दीर गजाभावजी, पालथे पडून त्यांना मिठी मारून होते. त्यांनी मिठी सोडली असती तर पोती वर आली असती आणि आम्ही दोघी शेणात.

अशा वेळी माणूस देवाचं नाव घेतो. गजाभावजी पोत्यात तोंड खुपसून मोठ्यानं ओरडले, "कुरपया स्वारी थांबल्याबिगर कुणी उठू नका!"

"थांबलीच आहे रे मेल्या!" मी म्हटलं.

दिराला मी त्याआधी कधी अरे-तुरे केलं नव्हतं. त्या दिवशी केलं.

हे असं का झालं ते सांगायचं तर आधी गजाभावजी सांगायला हवेत.

आमचं गाव शेणव्याच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. दोन भावांची दोन घरं, मध्ये एक अंगण आणि अंगणात एक बोअरिंग. माझे यजमान शेती बघायचे. गजाभावजी वाशिंदला एका कारखान्यात मशीनला तेल घालायचे. अंगानं काटक, बोलायला कमी. जगातली कुठलीही गोष्ट अडली की त्यांच्याकडे एकच उपाय होता, तेल. दार कुरकुरलं, घाला तेल. बोअरिंगचा दांडा जड झाला, घाला तेल. एकदा माझे यजमान आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हते, तेव्हाही मला वाटतं त्यांच्या मनात तेच आलं असणार. त्यांना आणि सुमनला मूलबाळ नव्हतं. तो विषय दोघांनीही कधी कुणापाशी काढला नाही.

गावात पहिला टेलिफोन बूथ उघडला त्या वर्षी कारखान्यानं कामगारांची सहकुटुंब सहल काढली. मुंबईच्या बाजूला, होडीनं खाडी ओलांडून, समुद्राकाठी कुठलीशी मोठी बाग आहे. नावाला बाग. आत मोठमोठे पाळणे, घसरगुंड्या, हौदात सोडलेल्या खोट्या लाटा, काळोखातलं एक भुताचं घर. माणसं तिकीट काढून आत जातात आणि दिवसभर ओरडतात. गजाभावजी मलाही म्हणाले होते, "वयनी, तुमी पण चला." मी म्हटलं, मला घरी ओरडायला पुष्कळ आहे.

दोघं पहाटे गेली आणि दिवस मावळल्यावर परत आली. सुमन गेली तशी आली. गजाभावजी मात्र तिकडंच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याला गेले, तर हे बोअरिंगपाशी उभे. कमरेवर हात. म्हणाले, "कुरपया रांगेत या." मी मागं बघितलं. मागं कोणी नव्हतं. पुढंही कोणी नव्हतं. मी एकटीच होते, तेव्हा मी माझी रांग करून पाणी भरलं.

त्या बागेत भोंग्यावरून जे जे सांगत असत ते सगळं गजाभावजींच्या तोंडात बसलं होतं. जेवायला बसले की म्हणायचे, "एका टायमाला दोनच." झोपाळ्यावर कोणी बसलं की, "हात आणि डोकं बाहेर काढू नका." म्हशीला गोठ्यात बांधतानाही तिला हेच सांगायचे. म्हैस डोकं बाहेर काढायचीच. घरात भाकरी संपली की सुमन आतून सांगायची, "आजची स्वारी संपलेली आहे," आणि दोघं हसायची. ती बाग मी आजतागायत पाहिलेली नाही, पण मला ती पाठ आहे.

मग ठसा आला. म्हणे बागेत आत शिरताना मनगटावर ठसा मारतात, म्हणजे बाहेर जाऊन आलं तरी परत आत घेतात. गजाभावजींनी भेंडी आडवी कापली, लाल शाईत बुडवली आणि अंगणात पाऊल टाकील त्याच्या मनगटावर पाच पाकळ्यांचं फूल उठवायला लागले. पोस्टमनला उठवलं. कोंबड्यांना लस टोचायला आलेल्या माणसाला उठवलं. माझ्या मुलीला बघायला मुरबाडहून मंडळी आली, त्यांनाही. मी आत पोह्यांवर खोबरं पेरत होते. बाहेर येऊन बघते तर मुलाचा बाप, काका, मामा एका ओळीत हात पुढं करून उभे आणि हे भेंडी घेऊन पुढं पुढं चाललेले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मुलाच्या बापानं विचारलं, "हे कशाला?"

"मधी कुठं बाहेर जावं लागलं, तर परत येताना दाखवा," गजाभावजी म्हणाले. "आपल्या माणसाला कुणी अडवाया नको."

लग्न जमलं. माझा व्याही तो हात घरी जाईपर्यंत धुवायला तयार नव्हता, असं मुलगी अजून सांगते.

एक वाकलेला स्टीलचा पत्रा त्यांनी पडवीच्या भिंतीला ठोकला. त्यात किडकिडीत माणूसही भोपळ्यासारखा दिसतो, बागेत असा आरसा आहे. मी त्यात एकदाच बघितलं. मला फरक दिसला नाही.

इथवर ठीक होतं. माणसाला एखादं वेड असतं, पावसाळ्यात ते ओसरतं. हे ओसरलं नाही. त्याला बांबू फुटले.

सहलीनंतर महिन्याभरात गजाभावजींनी डोंगरातून बांबू तोडून आणले आणि फाटकापासून पडवीपर्यंत कमरेएवढा कठडा घातला. सरळ नाही घातला. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग परत डावीकडे. बागेत अशीच रांग असते म्हणे. सरळ गेलं तर मजा येत नाही. शेजारची ठाकूबाई डोक्यावर दोन हंडे घेऊन त्या वळणांतून फिरायची आणि फिरता फिरता शिव्या घालायची.

"गजा, मेल्या, पानी न्यायला आलेय मी. तुझी जत्रा बगायला नाय!"

"वळणानं या काकी, वळणानं. मधनं घुसू नका."

पुढं कठडे वाढतच गेले. मागच्या दारापासून बोअरिंगपर्यंत एक. तिथून न्हाणीला एक, गोठ्याला एक. गोठ्याच्या बाजूला पेंढा ठेवायचा माच आहे, खांबांवर उभा केलेला लाकडी ओटाच तो. त्याची शिडी आणि वरची कडसुद्धा बांबूनं बांधून काढली. आणि त्या बांबूंवर कुठं कुठं काथ्याच्या जाड गाठी. त्या गाठीत माझ्या बांगड्या अडकायच्या. दोन फुटल्या तेव्हा मी विचारलं, "भावजी, या गाठी कशाला?"

"बागेत असतात," ते म्हणाले.

घरातल्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळाधमक रंग फासला. आणि पायरीपाशी कोणीही आलं की आरोळी, "पुढं पायरी आहे, सावकाश!" मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती पायरी तिथंच आहे. तरी मला सांगायचे. दिवसातून जितक्या वेळा जाईन तितक्या वेळा सांगायचे.

सुमनचं आम्हाला कळलं ते पुढं काही वर्षांनी, दिवाळीत. तिचा भाऊ बाळाराम टोकावड्याहून भाऊबीजेला आला होता. माणूस सरळ, मोठा शेतकरी, बहिणीवर जीव. सुमन त्याला चहा ओतत होती. कप इथं आणि चहाची धार तिथं, त्याच्या मांडीवर. तो ओरडला नाही. त्यानं हात तिच्या तोंडापुढून फिरवला. तिच्या पापण्या हलल्या नाहीत.

मग गजाभावजींना बोलावं लागलं. काचबिंदू होता. कल्याणच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, गेली ती नजर परत येत नाही, थेंब घालून राहील तेवढी राखायची. सुमन म्हणाली, "समोरचं जरा दिसतं. चुलीच्या फुंकणीतून बगावं तसं. आन तीबी फुंकणी बारीक होत चाललीय."

बाळारामनं मांडी पुसली. मग म्हणाला, "ताई, चल टोकावड्याला. माजी बायको आहे, सुना आहेत. तुला कशाला हात लावाया लागणार नाय."

"मंग मी काय करू?"

"करायचं काय? बसायचं."

"किती वेळ?" सुमननं विचारलं.

 बाळाराम गजाभावजींकडे वळला. "दाजी, तुमी दिवसभर वाशिंदला. हितं चूल, म्हैस, पाणी. एक दिस ती चुलीत पडंल. म्हशाची जत्रा झाली की मी येतो न्यायला."

सुमन उठली, कठड्याला बोट लावून न्हाणीकडे गेली आणि बराच वेळ आली नाही. तिला स्वतःची चूल सोडायची नव्हती, एवढी एकच गोष्ट तिची होती. आणि ती चूलही आता जाणार हे तिथं बसलेल्या सगळ्यांना दिसत होतं.

मला बाळारामचं पटलं. आजही मला तो चूक बोलला असं वाटत नाही. मी गजाभावजींना तोंडावर सांगितलं, "बायकोचे डोळे चाललेत आणि तुमी बाग मांडून बसलाव."

"म्हणून तर मांडली," ते म्हणाले.

मला वाटलं, यांना नीट ऐकू आलं नसावं.

पौषात मुरबाडजवळच्या म्हसा गावात ती जत्रा भरली. लोक तिथून बैल आणतात, घोंगड्या आणतात, मिठाई आणतात. गजाभावजी टेम्पोतून एक रहाटपाळणा घेऊन आले. जुना, लाकडी, चार खोक्यांचा, हातानं फिरवायचा. जत्रेतल्या पाळणेवाल्यानं तो मोडीत काढला होता. दोन खोकी फुटलेली होती, ती काढून टाकली आणि समोरासमोरची दोन ठेवली. उभा करायला जागा म्हणजे माच आणि उकिरडा यांच्या मधली, तेवढीच मोकळी होती. माझ्या यजमानांनी आसावर नख मारलं आणि म्हणाले, "गजा, कुजलाय हा."

"तेल घातलंय," गजाभावजी म्हणाले.

ते त्यांना पुरेसं होतं.

हे सगळं कशासाठी, तर सहलीत सुमन मोठ्या पाळण्यात बसली होती. वर गेल्यावर तिला समुद्र दिसला होता, जन्मात पहिल्यांदा. घरी आल्यावर भोंग्याचं सगळं गजाभावजी बोलायचे, सुमन फक्त त्या समुद्राचं बोलायची. तांदूळ निवडता निवडता एकदम म्हणायची, "अक्का, तो ना, संपतच नव्हता."

पाळणा उभा राहिला त्या सकाळी गजाभावजींनी मला हाक मारली. बाळारामचा निरोप आला होता, आज-उद्यात येतो म्हणून. माझे यजमान खळ्यावर गेले होते.

"वयनी, तुमी बसा सुमनसंगं."

"मी कशाला?"

"एका खोक्यात दोन. बागेचा नियम आहे." मग जरा घुटमळून म्हणाले, "आन समोर भाताची दोन पोती टाकलीत. एकट्या सुमनला ती वर उचलून धरतील. तुमी बसलाव की बरोबर होतं."

दोन पोत्यांना भारी पडायला मी लागते, हे इतक्या सरळ मला माझ्या नवऱ्यानंही कधी सांगितलं नव्हतं. मी बसणारच नव्हते. पण सुमन आधीच खोक्यात जाऊन बसली होती आणि तिनं शेजारची फळी पदरानं पुसून ठेवली होती.

"समुद्र आता नाय दाखवता येणार," गजाभावजी दांड्याला हात घालताना हळूच म्हणाले. "वारा तरी लागंल."

त्यांनी फिरवायला सुरुवात केली. आस कण्हत होता. आम्ही वर गेलो. डोंगराकडून गार वारा आला, सुमनचा पदर उडाला आणि तिनं तोंड वर करून अशी आरोळी ठोकली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. आमच्या घरात आल्यापासून या बाईचा आवाज उंबऱ्याबाहेर गेला नव्हता.

"अक्का, समुद्राचा वास येतोय!"

"उकिरड्याचा येतोय," मी म्हटलं.

दुसऱ्या फेऱ्याला आस कडकन वाजला.

खोकं माचाच्या उंचीला येऊन अडकलं. गजाभावजींनी खालच्या पोत्यांवर उडी घेतली. पुढचं मी सांगितलंच आहे. मी दोन्ही हातांनी खोक्याचा दांडा धरला होता आणि आमच्या कुळातल्या सगळ्या देवांना वेठीला धरत होते. सुमन शांत बसून होती. ती म्हणाली, "अक्का, माच कुठल्या अंगाला?"

"तुझ्या डाव्या हाताला. पण मधी फट आहे गो!"

"केवढी?"

"पाय जाईल एवढी."

"मंग तिथं पाय ठेवायचा नाय," सुमन म्हणाली.

तिनं डावा हात बाहेर लांबवला. हवेत चाचपला. बांबू लागला. मग बोटं बांबूवरून सरकली आणि काथ्याच्या गाठीवर थांबली. ज्या गाठींनी माझ्या दोन बांगड्या फोडल्या होत्या, तसलीच ही एक.

"ही शिडीची गाठ," ती म्हणाली. "रोज सांजच्याला म्हशीला पेंढा काढते ना मी हितनं."

खालून पोत्यातून आवाज आला, "सुमन, पुढं पायरी आहे! सावकाश!"

"ठाव आहे," असं म्हणून ती उठली आणि मला काही कळायच्या आत माचावर उभी होती.

ती उतरताच आमची बाजू हलकी झाली. दोन पोती आणि वर गजाभावजी, त्यांच्यापुढं मी एकटी पुरी पडले नाही. माझं खोकं एकदम वीतभर वर गेलं. माझ्या तोंडून काय काय निघालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. गजाभावजी पोत्यांवरून खाली उतरले, त्याच खोक्याच्या बुडाशी शिरले आणि आता ते खांद्यावर उचलून धरायला लागले. आत्तापर्यंत जे खाली दाबत होते तेच वर रेटत होते, आणि तिथूनही त्यांचं चालूच होतं, "ज्येष्ठांनी काळजी घ्यावी!"

तेवढ्यात फाटकातून आरोळी आली. "ताई!"

बाळाराम आला होता. हातात मिठाईचा पुडा, बहिणीला न्यायला. त्यानं काय बघितलं असेल ते मनात आणून बघा. पाळणा कलंडलेला, आंधळी बहीण माचाच्या टोकाला उभी, तिची थोरली जाऊ हवेत ठणाणा करतेय आणि दाजी पोत्याखाली. तो धावत सुटला तो थेट कठड्यात शिरला. डावीकडे गेला. तिथून वाट परत उजवीकडे. तो चिडून बांबूखालून वाकून निघायला गेला तर शर्ट गाठीत अडकला.

"दाजी! हे काय मांडलंय?"

"वळणानं या मेव्हणं!" पोत्याखालून गजाभावजी ओरडले. "मधनं घुसू नका!"

इकडे सुमननं माझ्याकडे हात केला. "अक्का, डोळे मिटा."

"आणि?"

"उघडे हायेत म्हणून तुमी भ्यालाव."

मला तिचा राग आला. पण दुसरा काही उपाय नव्हता, म्हणून मिटले. तिनं माझं मनगट धरलं आणि माझी बोटं गाठीवर नेऊन ठेवली. गाठ खरखरीत होती, मुठीत बसणारी. "आता पाय मोठा टाका," ती म्हणाली. मी टाकला. पायाखाली पेंढा आला. मग पुढची गाठ, मग शिडीच्या पायऱ्या. प्रत्येक पायरीला ती माझ्या कानाशी अगदी आपल्या नवऱ्याच्या आवाजात म्हणत होती, "पुढं पायरी आहे, सावकाश." माझे पाय जमिनीला लागले तेव्हा मी डोळे उघडले आणि तिथंच खाली बसले. मागं धाडकन आवाज झाला. गजाभावजींनी खांदा काढून घेतला होता आणि सांगाडा दुसऱ्या अंगाला कलंडून उकिरड्यात आडवा झाला होता.

सुमन माझ्यापाशी थांबली नाही. शिडीपासून गोठ्याच्या कठड्याला लागली आणि तिथून बोअरिंगकडे. मी पहिल्यांदा तिचं चालणं नीट बघितलं. हात ती बांबूवर टेकवत नव्हती, एक बोट नुसतं वरून नेत होती. गाठ लागली की पाय आपोआप उचलायचा. बोअरिंग मारून तिनं हात धुतले, तांब्या भरला आणि रांगेच्या उलट्या बाजूनं, वळणावळणानं जाऊन भावासमोर उभी राहिली. तो अजून शर्ट सोडवत होता.

"पाणी घे बाळा," ती म्हणाली. "धावत आलास."

बाळारामनं पाणी घेतलं. प्यायला नाही लगेच. त्यानं बोअरिंगकडे बघितलं, माचाकडे बघितलं, पायरीचा पिवळा रंग बघितला. हातातली गाठ बघितली. मी त्याच अंगणात इतकी वर्षं काढली होती. त्याला तेवढ्यात उमगलं.

"निघायचं का ताई?" त्यानं विचारलं, पण विचारायचं म्हणून.

"च्या करते, बस," सुमन म्हणाली आणि आत गेली.

त्या वेळी तिनं चहा कपातच ओतला. कपाच्या कडेला बोट धरून ओतत होती. ते तिला मी शिकवलेलं नव्हतं, दिवाळीनंतर तिनं आपलं आपण शिकून घेतलं होतं. चहा पिऊन बाळाराम उठला, मिठाईचा पुडा पडवीत ठेवला आणि फाटकाकडे निघाला. दुसऱ्या वळणावर थांबला. त्याच्या शर्टानं जी गाठ सुटली होती, तिथं उकिडवा बसला आणि काथ्या ओढून ओढून पक्की बांधली. मग वळणानंच बाहेर गेला. टोकावड्याला न्यायची गोष्ट त्यानं परत काढली नाही.

दुसऱ्या दिवशी गजाभावजी उकिरड्यातून लाकडं ओढून काढत होते. खांदा सुजला होता. मी जाऊन उभी राहिले.

"भावजी, खरं सांगा. बागेत गाठी असतात?"

"नाय," ते म्हणाले. "दांडा असतो. गाठी माझ्या."

मग त्यांनी काम थांबवलं. एवढं एकसलग बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं.

"तिथं भुताचं घर होतं ना, वयनी, त्यात शिरलो आमी. आत मिट्ट काळोख. सगळी बोंबलत होती. मीसुद्धा. ही गप. लोखंडी दांडा होता भिंतीला, त्याला हात लावून ही पुढं, आन मी हिच्या पदराला धरून मागं. भायर आल्यावर मी म्हटलं, तुला भ्या नाय वाटलं? तर म्हणते, त्यात काय, मला दिवेलागणीनंतर रोज असंच दिसतं."

ते लाकडाकडे बघत होते.

"पुढच्याच आठवड्यात कल्याणला नेली. येताना म्हणाली, कुणाला सांगू नका. अक्काला तर नायच. मी म्हटलं, बरं. दांडा घालतो, कुणी विचारलं तर बाग सांगू."

"मलाच का नाही?"

"तुमी तिला चुलीपाशी फिरकू दिली नसती."

"नसतीच दिली," मी म्हटलं.

ते हसले. मग म्हणाले, "वयनी, पुढं खिळा आहे, सावकाश," आणि परत कामाला लागले. आसाचं लाकूड आम्ही न्हाणीच्या चुलीत जाळलं. तेल पुष्कळ घातलेलं होतं, चांगलं पेटलं.

त्यानंतर काही वर्षांनी, कारखान्यातून मोकळे झाल्यावर, एका दुपारी जेवून आडवे झालेले गजाभावजी उठले नाहीत. त्यांना न्यायची वेळ आली तेव्हा तिरडी वळणातून निघेना. कोणीतरी कोयता घेऊन बांबू तोडायला गेलं. सुमन पडवीतून म्हणाली, "तोडू नका. वळणानं न्या." मग चौघांनी तिरडी हात वर करून डोक्याच्या वर धरली आणि खालून ते डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे असे निघाले. ठाकूबाई मोठ्यानं रडत होती. दुसऱ्या वळणाला तिला हसू आलं, मग परत रडायला लागली.

सुमनची फुंकणी आता पुरती बुजली आहे. बांबू कुजले की बाळाराम टोकावड्याहून येऊन नवे घालून जातो. गाठी ती स्वतः मारते. भाकऱ्या तिच्या माझ्यापेक्षा पातळ होतात. माझेही गुडघे आता गेलेत, बोअरिंगपर्यंत जाताना मीसुद्धा कठडा धरते. तिला माझ्या बांगड्या वाजलेल्या कळतात. आतून आवाज येतो, पुढं पायरी आहे म्हणून.

त्या दिवशी त्या पाळण्याला आम्ही तिघं होतो, वर दोघी आणि खाली एक. वरच्या दोघी अजून आहोत.